चुन्यावाचून गेलेला पावसाळा

आमच्या घराची मागची भिंत दगडमातीची. तिला टेकून बसायची मायची जागा ठरलेली होती. दुपारी तूर निवडायला बसली की डोकं मागं टेकायची. डोक्याच्या तेलानं तिथं ताटलीएवढा डाग पडला होता. दर उन्हाळ्यात ती स्वतःच त्यावर चुना मारायची आणि पावसाळा सरेपर्यंत डाग पुन्हा हजर व्हायचा.

ओलीशी तिचं उभं भांडण होतं. मृगाआधी छतावर पांढरी माती पसरायची, भिंतीमागं पाणी जायला चर काढायचा, अंथरुणं भिंतीपासून हातभर लांब टाकायची. पावसानं जरा उघडीप दिली की छतातल्या उजेडाच्या भोकावरचा पत्रा काढायचा आणि घमेल्यात निखारे घेऊन कोपरान्‌कोपरा शेकायचा. आम्ही तिला हसायचो.

ती गेली तेव्हा उन्हाळा नुकताच लागला होता. वैशाखात अप्पांनी चुना भिजवला, तशी मी भिंतीपुढं आडवी उभी राहिले. "एवढा डाग न्हाई पुसायचा," म्हणाले. तेरा वर्षांची होते, हट्टी होते. अप्पांनी बादली पडवीत नेऊन ठेवली. मग बाकीची कामंही राहूनच गेली. मन झालं नाही, असं आम्ही म्हणायचो. खरं म्हणजे ते सगळं मायचं काम म्हणून आम्ही कधी हातच लावला नव्हता.

श्रावणात भिंत पाझरायला लागली. डागाभोवती काळे ठिपके आले, मग ठिपक्यांचे झुपके झाले. धाकटी बहीण चार वर्षांची, ती त्या डागाला गाल लावून झोपायची. एक दिवस मला ओढतच तिथं घेऊन गेली.

"अक्का, मायचे केस वाढायलेत."

मला भीती वाटायला हवी होती. मला आनंद झाला. मी तिचं अंथरूण लांब सरकवलं नाही. छतावरचा पत्राही काढला नाही, वाऱ्यानं ते केस जातील म्हणून. रोज शाळेतून आले की आधी भिंत बघायची, किती वाढले ते.

महिन्याभरात धाकटीची छाती वाजायला लागली. दोन शब्द बोलली की थांबायची, श्वास ओढायची, मग पुढचे दोन. बसवकल्याणच्या डॉक्टरांच्या बाटल्या संपल्या, घरघर संपेना. शेवटी शेजारच्या किराणा दुकानवाल्या मावशी मधाची वाटी घेऊन आल्या आणि दारातच नाकाला पदर लावून थांबल्या. त्यांच्या घरी कन्नड, पण आम्हाला झापताना मराठी खणखणीत.

"कामून ग, भिताडाला चुना दिला न्हाई औंदा? लेकराचा जीव घुसमटायलाय हितं."

"ती माय हाय," मी डागाकडं बोट दाखवून म्हणाले.

मावशींनी मधाची वाटी उंबऱ्यावर ठेवली. मग म्हणाल्या, "व्हय बाई. पर तुझी माय आसती तर तिनं कवाच खरडून टाकलं आसतं."

अप्पांनी उलथणं घेतलं. हात भिंतीपर्यंत गेला आणि तिथंच राहिला. मी ते त्यांच्या हातून काढून घेतलं. हट्ट माझा होता, निस्तरायचंही मलाच होतं. तोंडाला फडकं बांधून मी खरवडत होते आणि धाकटी मावशींच्या कडेवर रडून रडून निळी पडत होती. तेल मातीत बोटभर मुरलेलं होतं. निघता निघेना. मग पत्रा काढला, निखारे फिरवले, भिंत सुकल्यावर चुन्याचे तीन हात दिले.

पुढं नोकरीसाठी गुलबर्ग्यात भाड्याची चार घरं बदलली. प्रत्येक ठिकाणी मी आधी पलंग ओढून भिंतीला नाक लावते. ओल शोधतेय, असं सांगते. कधीकधी ते खरं नसतं.

त्या वर्षी ज्वारी पोटऱ्यात येईपर्यंत धाकटीची छाती मोकळी झाली. एका संध्याकाळी ती माझ्या मांडीवर बसून पांढऱ्या भिंतीकडं बघत होती. कुठंही न थांबता, एका दमात तिनं विचारलं, "अक्का, आता माय दमून आली की डोकं कुठं टेकंल?"