भोंगा झाल्यावर

आमच्या मोज्यांच्या कारखान्यात तिला सगळ्याजणी खुंटा म्हणायच्या. सकाळी टेबलाशी बसली की संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत जागची हलायची नाही. आम्ही बाकीच्या काही इतक्या गुणाच्या नव्हतो. कुणाला पोराच्या शाळेत जायचं असे, कुणाला दवाखान्यात, आणि साहेबाला मात्र सगळ्या एकच सांगत, "गॅसवर दूध राहिलंय." साहेब म्हणायचा, "तुमच्या दुधात एक दिवस मी बुडून मरणार." मधेच उठणारीचा मोज्यांचा ढीग शेजारणींनी वाटून घ्यायचा, जोड्या लावून संपवायचा, ही आमची जुनी रीत. असे सगळ्यांत जास्त ढीग उपसले ते खुंट्याने. स्वतःचा मात्र तिने कधी कुणाच्या गळ्यात घातला नाही.

तिची आईही याच टेबलावर म्हातारी झाली. आम्ही तिला मावशी म्हणायचो. जोडी लावायला मला तिनेच शिकवलं, टाचेला टाच जुळली नाही की हातावर चापटी मारून. काम सुटल्यावर काही वर्षांनी मावशी विसरायला लागली. आधी माणसांची नावं, मग घराचा रस्ता. गॅस चालू ठेवून कुठेतरी निघून जायची. शेजारीण लक्ष ठेवायची, तिनेही शेवटी हात टेकले. घरात तिसरं माणूस नाही. लेकीने काम सोडावं तर दोघींनी खायचं काय?

म्हणून त्या दुपारी, सगळ्यांच्या देखत, खुंटा हलला. ती उठून साहेबासमोर उभी राहिली. म्हणाली, "साहेब, गॅसवर दूध..." साहेबाने थट्टा केली नाही. "जा," एवढंच म्हणाला. मी तिचा ढीग माझ्याकडे ओढून घेतला.

आईला वृद्धाश्रमात पोचवायचं होतं, तिथलं ऑफिस बंद व्हायच्या आत. आश्रम कारखान्याच्या मागच्याच गल्लीत होता. तिने मुद्दाम जवळचा शोधला होता, रोज येता-जाता डोकावता यावं म्हणून.

परत आली तेव्हा चक्क हसत होती. "आई घराबाहेर पाऊल टाकेना गं," ती हळूच मला म्हणाली. "मग म्हटलं, चल, कामावर जायचंय. तर लगेच उठली, डोक्याला रुमाल बांधला, डबा मागितला. तिथल्या बाईंनी धुतलेल्या मोज्यांची टोपली पुढे ठेवली, तर बसली जोड्या लावत. उलट मलाच म्हणते, तू जा तुझ्या जागेवर, साहेब ओरडेल."

"बरं सुचलं बाई तुला," मी म्हटलं. मला खरंच वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. तिने डोळे पुसले, आपला उरलेला ढीग परत घेतला आणि कधी नव्हे ते कामाच्या वेळात गप्पा मारत बसली.

मग भोंगा झाला. बाकड्यांचा आवाज करत सगळ्या उठल्या. ती उठली नाही. हातात एकच मोजा धरून माझ्याकडे बघत राहिली.

"अगं, आईला ऐकू गेला असेल."

जन्मभर तो भोंगा ऐकून आमचे कान किटले होते, म्हणून आमच्या डोक्यातही आलं नाही. मावशी सगळं विसरली होती, पण भोंगा झाला की घरी जायचं, हे ती विसरणार होती थोडीच!

आम्ही दोघी धावत गेलो. मावशी फाटकाच्या आत डबा घेऊन उभी. आश्रमातल्या बाई तिला दंडाला धरून समजावत होत्या. मावशी त्यांना काकुळतीला येऊन सांगत होती, "सोडा हो बाई. सुट्टी झाली. पोर वाट बघत असेल." मला इतका राग आला, आणि नेमका कुणाचा ते आजही सांगता येणार नाही.

खुंट्याने आईचा हात धरला. तिला फाटकाबाहेर काढलं, गल्लीला वळसा घातला आणि मागच्या दाराने त्याच आश्रमात आणलं. पलंगाशी थांबून म्हणाली, "आलं घर."

मावशीने भिंती पाहिल्या, चादर चाचपली. तिला पटलं, का ती नुसतीच दमली होती, देव जाणे. ती बसली. चपला काढल्या. मग लेकीकडे वळून, शेजारच्या बाईला विचारावं तसं तिने विचारलं, "आमची पोर आली का हो कामावरून?"

मी तोंड फिरवलं. मला ते बघवेना.

"येईल," खुंटा म्हणाली. "आत्ताच भोंगा झालाय."

"तिला उशीर होतो. दुसऱ्यांचे ढीग उपसत बसते, वेडी कुठली. तिच्यापुरतं झाकून ठेवा हो."

स्टुलावर मावशीचं जेवणाचं ताट आलं होतं. खुंट्याने त्यातलं थोडं एका वाटीत काढलं, वर बशी झाकली आणि ती वाटी आईला दिसेल अशी ठेवली.