शालनकाकींची घटनादुरुस्ती

शालनकाकी आधी हसायच्या आणि मग बोलायच्या. हसणं असं, की ग्रामपंचायतीच्या पत्र्यावरची कबुतरं उडावीत. हुपरीजवळच्या त्या गावात मी नवा ग्रामसेवक म्हणून रुजू झालो, तेव्हा सरपंचाच्या खुर्चीवर पीळदार मिशांचे एक गृहस्थ बसले होते. मी अदबीनं "नमस्कार, सरपंचसाहेब" म्हणालो. दाराशी सतरंजीवर बसलेल्या बाई खो-खो हसल्या. "भाऊसाहेब, त्ये आमचं मालक. सरपंच मी हाय की!"

झालं! माझी पार गोची. काकींचे मालक बापू मात्र मिशीवर हात फिरवत तसेच बसून राहिले. घटनादुरुस्ती झाली, पंचायतीत बायकांना राखीव जागा मिळाल्या, काकी निवडून आल्या. पण गुलालाच्या मिरवणुकीत गावानं खांद्यावर घेतलं ते बापूंना! सह्या काकींच्या, बाकी सगळा कारभार बापूंचा. "दिल्लीनं घटना दुरुस्त केली," काकी म्हणायच्या, "आमच्या घरातली कवा व्हायची ओ?" आणि पुन्हा हसायच्या. मला त्या हसण्याचा रागच यायचा. ही बाई आपला हक्क असा हसण्यावारी नेणार, असं वाटायचं.

सव्वीस जानेवारी आली. झेंडा सरपंचानं लावायचा असतो. बापूंनी नवा सदरा इस्त्रीला टाकला, ठेवणीतला फेटा काढला. मी काकींना म्हटलं, "या खेपेला दोरी तुम्हीच ओढायची." त्या म्हणाल्या, "बघू की. पावण्यासारखं कडंला हुबं ऱ्हायाचा कटाळा आलाय मला बी."

सकाळी गाव जमलं, शाळेची पोरं रांगेत उभी राहिली आणि पंचायतीसमोरच्या घरातून काकी एकट्याच तरातरा आल्या. मागं दार धडाधडा वाजत होतं. "शालन! ए शालन! कडी काड!" बाईंनी नवऱ्याला कोंडलं होतं! "फेटा सावकाश बांदा," त्या मागं वळून ओरडल्या, "तवर मी झेंडा लावून येतो!"

काकींनी दोरी ओढली. झेंडा फडकला, फुलं पडली, पोरांनी राष्ट्रगीत सुरू केलं आणि दार वाजायचं एकदम थांबलं. बघतो तर खिडकीच्या गजांआड बापू, अर्धवट फेट्यासकट सावधान! गातही होते, आणि तेही सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. अख्खं गाव ओठ आवळून उभं. हसू दाबता दाबता माझ्या डोळ्यांत पाणी आलं, देवाशपथ!

जयजयकार झाल्यावर काकींनी जाऊन कडी काढली. बापू लालबुंद होऊन बाहेर आले. "सणाच्या दिवशी कोंडलंस मला? भर गावात लाज काडलीस!"

"घटकाभरात जीव गुदमरला व्हय?" काकी म्हणाल्या. "आमच्या आया-आज्ज्या जलमभर आत ऱ्हायल्या."

बापू फेट्याचा सुटलेला शेव खोचत राहिले. मग खाकरून म्हणाले, "बरं. जिलबी तरी मला वाटू दे, सरपंच."