निघण्याआधीच्या भाकरी

दुधनीच्या स्टेशनवर सोलापूरकडे जाणारी गाडी फार वेळ थांबत नाही. अप्पांना हे पक्कं ठाऊक, म्हणून गाडी दिसायच्या आधीच त्यांनी माझी मोठी बॅग उचलून खांद्यावर घेतली होती. बॅगेला चाकं आहेत, ओढत नेता येते, हे मी परोपरीनं सांगून पाहिलं. "चाकं तिकडं गेल्यावर वापर," म्हणाले. कपाळावरची विभूती घामानं ओघळत होती. गाडी आली तशी त्यांनी बॅग आत ढकलली, मला खिडकीशी जागा करून दिली, शेजारच्या अनोळखी माणसाला "जर्मनीला चाललीया पोरगी" असं न विचारताच सांगून टाकलं आणि गाडी हलायला लागल्यावर उतरले. अव्वा, म्हणजे माझी आई, फलाटावर उभी होती. रडली नाही, हातही हलवला नाही. "होगी बा," एवढंच म्हणाली. आमच्या घरात निम्मं कानडी आणि निम्मं मराठी चालतं. होगी बा म्हणजे जाऊन ये.

दुधनीत राहिलेल्या माझ्या मैत्रिणींनो, त्या दिवशी फलाटावर आम्हाला पाहून कुणालाही वाटलं असतं की काय कौतुकानं पाठवतायत लेकीला. तुम्हाला खरं काय ते ठाऊक आहे, कारण ते तुमच्या डोळ्यांदेखत आमच्या दारात घडलं. पण माझ्यासारख्या ज्या बाहेर पडल्या, कुणी भांडून, कुणी पळून, कुणी लग्नाच्या वाटेनं, त्यांना हे सांगायचं राहून गेलंय. तेव्हा मी फार चिडलेली होते. चिडलेल्या माणसाला समोरचं नीट दिसत नाही. आज इतक्या लांबून दिसतं आणि मी थक्क होते.

मी सोलापुरात नर्सिंग केलं. तिथंच दोन वर्षं नोकरी करता करता जर्मन शिकले, परीक्षा दिली आणि जर्मनीतल्या एका हॉस्पिटलात काम मिळालं. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, अप्पांना ते अजून उच्चारता येत नाही. व्हिसाचा शिक्का असलेला पासपोर्ट मी हौसेनं त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला, खिशात घातला आणि मार्केट यार्डातल्या आमच्या अडत दुकानात, लोखंडी कपाटात, कुलूप लावून ठेवून दिला. अक्कलकोटकडचं एक स्थळ त्यांनी मनात धरलं होतं. चिक्कप्पा, म्हणजे माझे धाकटे काका, दुकानात त्यांच्या बरोबरीनं बसतात. त्यांनी आगीत तेल ओतलं. "पाय मोडून घरात बसीव तिला," हे त्यांचे शब्द. मी दाराआड होते, त्यामुळे ते मला कुणी सांगावे लागले नाहीत.

रोज सकाळी अप्पा आंघोळ करून पूजेला बसले की किल्ल्यांचा जुडगा खुंटीला असायचा. दुकान घरापासून हाकेच्या अंतरावर. मी अव्वाला म्हटलं, पूजा होईपर्यंत जाऊन येते, कुणाला कळणार नाही. तिनं मान हलवली.

"चोरून गेलीस तर पळून गेली म्हणतील. पळालेल्या पोरीला परत यायला तोंड न्हाय ऱ्हात. तू पळनार न्हाईस. तू निघून जानार हाईस, समद्यांच्या म्होरनं."

मग मी दुसरा उपाय काढला. अप्पांशी बोलायचंच नाही, दोघींनी मिळून. आमच्याकडे बायकांचं हेच हत्यार. माझ्या आत्यानं या अबोल्याच्या जोरावर अख्खं सासर सरळ केलं होतं. अव्वाला हेही पटलं नाही. "अबोला म्हंजे बी मारच की," ती म्हणाली. "फकस्त आवाज येत न्हाय. मला कुनाला मारायचं न्हाय."

मारायचं नाही, चोरायचं नाही, रुसायचं नाही. मग करायचं काय, मला कळेना. ते दुसऱ्या सकाळी कळलं. आमच्याकडे लांबच्या प्रवासाला निघायचं म्हणजे कडक भाकरी हव्यात. ज्वारीच्या, कागदासारख्या पातळ थापायच्या, तव्यावरून काढल्या की चुलीच्या कडेनं उभ्या करून कडकडीत वाळवायच्या, महिनाभर टिकतात. या भाकरींची चूल परसात असते. अव्वानं ती दारापुढं मांडली, भर गल्लीत. परात घेऊन बसली आणि थापायला लागली.

कडक भाकरीचा ढीग दिसला की कोण निघालंय हे विचारणं आमच्या गल्लीत रीतीचंच आहे. समोरच्या गौराक्का पाण्याची घागर घेऊन थांबल्या. "काय सुगलाक्का, कुटं निगालाव?"

"मी न्हाय. नंदा निगालीय. जर्मनीला."

"आन् मालक हो म्हनले?"

"न्हाय म्हनल्यात अजून," अव्वा म्हणाली आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली.

ती खोटं बोलली नाही आणि काही लपवलंही नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तिनं हेच सांगितलं, जणू उद्या बाजार आहे असं सांगावं. अप्पांनी ऐकलं आणि अबोला त्यांनीच धरला. जेवायला चिक्कप्पांकडे जायला लागले. अव्वा मात्र त्यांच्याशी बोलत राहिली. म्हैस आटली, शेवग्याला शेंगा लागल्या, लाईटबिल जास्त आलं, सगळं ती त्यांच्या पाठीला सांगायची. संध्याकाळी त्यांचं ताट वाढून झाकून ठेवायची. ते जेवत नसत तरी वाढायची. मला याचा इतका संताप यायचा की मी एकदा ते ताट उचलून ठेवलं. तिनं परत मांडलं.

मग एका दुपारी यार्डात कुण्या व्यापाऱ्यानं अप्पांना पेढे मागितले. पोरगी परदेशी निघाली म्हणे, तोंड गोड करा. अप्पा तसेच भर उन्हात घरी आले. दारात भाकरींची बुट्टी भरून ठेवलेली होती. त्यांनी ती उचलली आणि अंगणात उपडी केली. कडक भाकरी पडतात तेव्हा केवढा आवाज होतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. गौराक्का तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. माझ्या हातात उलथनं होतं आणि ते घेऊन मी कशी पुढं झाले मलाही समजलं नाही.

"ते खाली ठेव," अव्वा म्हणाली. आवाज चढवला नाही. मी ठेवलं.

मग ती खाली बसली आणि भाकरी गोळा करायला लागली. अख्ख्या एकीकडे, तुकडे एकीकडे. अप्पा उभेच. मी तिच्या चेहऱ्यावर भीती शोधत होते, ती नव्हती. राग शोधला, तोही नव्हता. माझ्या ओळखीची, अप्पांच्या आधी कधी न जेवणारी, त्यांना कधी नावानं हाक न मारणारी ही बाई त्या क्षणी आमच्या अंगणात सगळ्यांहून उंच वाटली, आणि ती तर जमिनीवर बसलेली होती. वर न बघता तिनं विचारलं, "ऊन लई हाय. पानी आनू का तुमास्नी?"

अप्पा पाणी न पिता निघून गेले.

दुसऱ्या सकाळी चूल पुन्हा पेटली. अव्वानं परात पुढं ओढली तेव्हा गौराक्का स्वतःची परात घेऊन आल्या आणि समोर बसल्या. का आलात, असं कुणी विचारलं नाही. थोड्या वेळानं मागच्या गल्लीतल्या दोघी आल्या, एकीनं शेंगाची चटणी आणली होती. पूजा आटोपून अप्पा दुकानाला निघाले, तर दारात बायकांचं रिंगण. वाट काढत ते पुढं गेले, चार पावलांवर थांबले आणि मागं वळले. कितीतरी दिवसांनी ते अव्वाशी बोलले.

"मला न इचारता चाललंय हे समदं."

"इचारलं की. तुमी न्हाय म्हनला, ते बी ऐकलं."

"मग परवानगी न्हाय म्हनल्यावर..."

"परवानगी तिची तिच्यापाशी हाय," अव्वा म्हणाली. हात पिठात, नजर त्यांच्याकडे. "शिकली ती, परीक्षा तिनं दिली. तुमच्याकडनं मला आशीर्वाद पायजे. त्यो कपाटातनं काडून घेता येत न्हाय. तुमी दिला तरच हाय."

तव्यावरची भाकरी करपली, ती तेवढी गौराक्कांनी काढली. अप्पा निघून गेले. त्या दिवशी ते चिक्कप्पांकडेही जेवले नाहीत, हे आम्हाला नंतर काकूंकडून समजलं.

संध्याकाळी ते आले, पासपोर्ट पाटावर ठेवला आणि विचारलं, "विमानात वजन किती चालतं?"

पुढचं सांगताना मला अजून हसू येतं. त्यांनी माझी बॅग दुकानात नेली आणि तुरीची पोती मोजायच्या काट्यावर चढवली. हमाल भोवती जमले, जो तो सल्ला देत होता. वजन जास्त भरलं तेव्हा अप्पांनी आधी माझी जर्मन डिक्शनरी बाहेर काढायला लावली, मग स्वेटर. भाकरींना हात लावू दिला नाही. म्हणाले, "थंडीचं तिकडं बी मिळतंय की."

इथे आता मला बरीच वर्षं झाली. वॉर्डाला श्टाट्सिओन म्हणायची सवय झाली, कामाची वेळ संपल्यावर एकमेकींना "श्योनेन फायरआबेंड" म्हणून निरोप देते, आणि स्वप्नात मात्र कानडीत भांडते. सुरुवातीच्या दिवसांतली एक गोष्ट सांगते. एका आजींना अंग पुसून द्यायचं होतं. मी कोमट पाण्याचं भांडं घेऊन गेले, तर त्या म्हणाल्या, "नाइन." नको. सोलापुरात असते तर मी "असं काय करता आजी" म्हणत कामाला लागले असते. इथे सीनियर नर्सनं मला थांबवलं. त्या नको म्हणाल्यात ना, मग नको. डॉक्टर आले, खुर्ची ओढून बसले, समजावलं, त्यांचं ऐकून घेतलं आणि तसेच गेले. ज्या बाईला स्वतःच्या कुशीवर वळता येत नव्हतं, तिच्या एका शब्दासाठी सगळं हॉस्पिटल थांबलं होतं. दुपारी आजींनी आपणहून मला बोलावलं.

मी भारावून गेले. ब्रेकमध्ये व्हिडिओ कॉल लावून अव्वाला सगळं सांगितलं. तिला त्याचं काहीच नवल वाटलं नाही. "मग? आंग तिचं हाय की," म्हणाली.

नंतर एकदा मी तिला विचारलं, अप्पा हरले तेव्हा तुला कसं वाटलं. ती जरा रागावलीच. "हरले कुटं? हरवायचं असतं तर पयल्याच दिवशी किल्ली दिली असती तुला. हरलेला मानूस घरात घिऊन जलमभर ऱ्हायचं कसं? त्याला जेवाय वाढायचं कसं?" मी सातव्या मजल्यावरच्या माझ्या स्वच्छ, शांत किचनमध्ये उभी होते. दुधनीत असताना मला फक्त दाराबाहेर पडायचं होतं. ती माझ्यासाठी वाट करत होती आणि त्याच वेळी मागचं घरही सांभाळत होती, दोन्ही त्याच परातीपुढं बसून.

इथले लोक हायमाट या शब्दाबद्दल फार हळवे होतात. घर, गाव, माती, सगळं त्यात येतं. माझी हायमाट कोणती, असं विचारतात. पूर्वी मी नकाशावर बोट ठेवायची. खरं तर माझ्यासाठी दुधनी ही कितीतरी वर्षं जिथून सुटायचं ती जागा होती. आता वाटतं, जिथं मी "नाही" म्हटलं तरी माझं ताट वाढलेलं असतं आणि समोरचा "नाही" म्हणाला तरी त्याचं, ते माझं घर. ते आयतं मिळालेलं नाही. एका बाईनं ते आमच्या डोळ्यांसमोर तयार केलं आणि अप्पाही त्यात राहायला शिकले.

अप्पा शिकले, हे मी नुसतं लेकीच्या मायेनं म्हणत नाही. गेल्या महिन्यात चिक्कप्पांच्या सविताला पुण्यात औषधांच्या लॅबमध्ये नोकरी लागली आणि चिक्कप्पांनी तिचा फोन काढून घेतला. रविवारी मी घरी फोन केला, तर अव्वानं सांगितलं, अप्पा रोज दुकान बंद केलं की भावाच्या घरी जाऊन बसतात. मला खरं वाटेना. फोन त्यांच्याकडे द्यायला सांगितला.

"काय म्हणता तुम्ही चिक्कप्पांना?"

"काय न्हाय. पोरीला जाऊ दे म्हनतो."

"आणि ते?"

"काल लई बोलला. तुझी पोरगी गेली म्हनून माझी बी घालवतो का, म्हनला. हात बी उगारला."

"मग तुम्ही काय केलंत?"

"च्या पिलो. उद्या येतो म्हनून सांगून आलो."

"अप्पा, त्यांनी घराबाहेर काढलं तर?"

पलीकडे त्यांच्या मागून कुणाची तरी मोटरसायकल गेली.

"भाऊ हाय माझा," अप्पा म्हणाले. "काडलं तर दारात बसतो."