खांद्यावर बसून घेतलेला जबाब

नोकरीतले कितीतरी तपास आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. कुठली चोरी कुठल्या पेठेतली, हे विचारले तर मी गोंधळतो. एक तपास मात्र कालच आटोपल्यासारखा लख्ख आठवतो, आणि आठवला की आधी नाकात खाऱ्या पाण्याचा वास येतो. कोल्हापूरच्या फौजदाराचा खाऱ्या पाण्याशी काय संबंध, असे कुणी विचारील. तेच सांगायला बसलो आहे. नावे कुणाचीच देत नाही. त्यातल्या माणसांची मुलेबाळे याच गावात नांदत आहेत.

महाराजांचा अंमल होता आणि गावात कुस्तीची धुंदी होती. ज्याच्या घरी दोन पोरगे, त्यातला एक तालमीत, असा हिशेब. त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास मोठे मैदान झाले. एका पैलवानाने समोरच्याला उचलून असे टाकले की सगळे मैदान उठून उभे राहिले. फेटे उडाले, हलगी कडाडली, पैलवानाच्या हातात चांदीचे कडे चढले. खाली पडलेला मात्र उठला नाही. त्याच्या पाठीच्या कण्याला मार बसून कमरेखालचे अंग गेले. तो काही परका गडी नव्हता. तालमी वेगळ्या असल्या तरी दोघे एकाच गल्लीत वाढलेले, लहानपणापासूनचे दोस्त.

दिवाळी झाली आणि जिंकलेला पैलवान गावातून नाहीसा झाला. त्याची आई ठाण्यात येऊन बसली. डोळ्यांत पाणी नव्हते, पण मुलगा सापडेपर्यंत उठणार नाही असा तिचा बेत दिसत होता. चौकशीत कळले की पैलवानाला शेवटचे पाहिले ते एका गाडीवानाच्या गाडीत. हा गाडीवान मुसलमान, त्याच गल्लीतला, त्या दोघांचा तिसरा दोस्त. गुळाच्या ढेपा बैलगाडीतून आंबा घाटाने रत्नागिरी बंदरावर न्यायच्या आणि येताना मीठ, नारळ, सुकी मासळी आणायची, हा त्याचा धंदा. जाताना गाडीत दोघे होते, येताना तो एकटाच होता.

तशात मलकापूरच्या ठाण्याकडून खबर आली की घाटमाथ्याजवळ दरीत एका धिप्पाड पुरुषाचे प्रेत सापडले आहे. जनावरांनी खाल्ल्यामुळे ओळख पटण्यासारखे काही उरले नव्हते. दुसरी खबर गुळाच्या पेठेतून आली. एका हमालाने माझ्या कानाशी लागून सांगितले, "साहेब, त्या गाडीवानाच्या गाडीत वैरणीखाली पैलवानाचं कडं हाय. म्या डोळ्यानं बघितलंय." पंच घेऊन गेलो, गाडीची झडती घेतली. कडे फडक्यात गुंडाळलेले सापडले. पंचनामा झाला, गाडीवान कोठडीत गेला आणि कागदावर खुनाचे कलम चढले.

आता त्या गाडीवानाचे वर्णन करतो. काटक, काळासावळा, बोलायला रांगडा. कोठडीत आल्यावर माणसे दोन प्रकारची होतात. काही पाय धरतात, काही शिव्या देतात. हा भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "माझ्या बैलास्नी येळेवर पाणी पाजा, साहेब. बाकी मला काय मागायचं न्हाय."

आमचे वरिष्ठ चौकशीला स्वतः बसले. पैलवान कुठे आहे, असे त्यांनी विचारले.

"जित्ता हाय. रत्नागिरीत सोडला त्येला."

"तिथून कुठे गेला?"

"ते सांगनार न्हाय. त्येच्या म्होरं माझ्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवलाय."

"आणि कडे?"

"त्येनंच दिलंय. कशापायी, ते बी सांगनार न्हाय."

वरिष्ठ हसले. "फासावर जाशील."

"गेलो तर गेलो की. लेकराच्या डोक्यावर हात हाय, साहेब, काय चेष्टा न्हाय."

आमचा हवालदार रेल्वेने पुण्यापर्यंत जाऊन आलेला, त्यामुळे आपल्याला जग माहीत आहे अशी त्याची समजूत. त्याने फासा टाकला. "बरं, रत्नागिरीत सोडला म्हनतोस. बंदरात आगबोट धक्क्याला लागली, तवा धक्क्यावर कोण कोण हुतं? नावं सांग."

गाडीवानाने त्याच्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. "हवालदार, आगबोट धक्क्याला लागत न्हाय. ती लांब समिंदरात हुबी ऱ्हाती. धक्का हाय, त्यो बारक्या गलबतांचा. बोटीवरची मानसं पडावात, म्हंजी बारक्या होडीत उतरत्यात, आनि पडावातनं मानसांच्या खांद्यावर बसून काठाला येत्यात."

सगळे ठाणे हसले. आम्ही घाटावरची माणसे. आम्ही पाहिलेले मोठे वाहन म्हणजे आगगाडी, आणि ती फलाटाला लागते. एवढी मोठी आगबोट काठाला येत नाही आणि मुंबईचे शेठसावकार लोकांच्या खांद्यावर बसून उतरतात, हे कुणाला पटणार? वरिष्ठांनी जबाबाखाली 'उघड खोटे' असा शेरा मारला आणि उठले.

मी मात्र तिथेच बसून राहिलो. खोटे बोलणारा माणूस ऐकणाराला पटेल असेच बोलतो, हे मी तोवर शिकलो होतो. हवालदाराने धक्का पुढे केला होता. 'व्हय, धक्क्यावर अमका अमका हुता' म्हणणे किती सोपे होते! या माणसाने आम्हाला न पटणारी गोष्ट सांगितली आणि आमचे हसू सहन केले. मी वरिष्ठांकडे रत्नागिरीला जाण्याची परवानगी मागितली. ते म्हणाले, "समुद्र बघायचाय वाटतं तुम्हाला. जा." रत्नागिरी खालसा, म्हणजे इंग्रजांच्या मुलखात, तिथे आमच्या संस्थानचा हुकूम चालत नाही, म्हणून दरबारातून रीतसर पत्र घेतले आणि निघालो.

मलकापूर, आंबा, साखरपा, पाली, असा तो रस्ता. घाट उतरताना हवा जड होत गेली आणि जमीन तांबडी. रत्नागिरीत शिरलो आणि खरे सांगतो, काही काळ मी तपास विसरलो. चिऱ्याची घरे, कुंपणाला चिऱ्याचे गडगे, प्रत्येक घरामागे माड आणि पोफळी, आणि रस्ते असे झाडलेले की जोडे घालून चालायला संकोच वाटावा. तिथल्या पोलिसांनी सोबत दिलेला शिपाई हौशी होता. त्याने मला किल्ल्यावर नेले. बहामनी अमलात बांधलेला, मराठ्यांच्या आरमाराने राखलेला हा किल्ला तीन टेकड्यांवर पसरला आहे. एका टेकडीवर भगवतीचे देऊळ, दुसरीवर दीपगृह. वरून पाहिले तर एका अंगाला वाळू पांढरी आणि दुसऱ्या अंगाला काळी. लोक त्यांना पांढरा समुद्र आणि काळा समुद्र म्हणतात. मधे फक्त किल्ल्याचा डोंगर. राजिवड्याकडे खाडीच्या काठावर गलबते बांधायचे काम चालले होते. एवढाले लाकूड वाकवून, फळीला फळी सांधून ते कारागीर पाण्यावर चालणारे घर उभे करत होते. ब्रह्मदेशच्या राजाला कैद करून इंग्रज सरकारने याच गावी आणून ठेवले होते. शिपाई म्हणाला, "त्याच्या मुलखात पण असेच माड आहेत म्हणतात, पण म्हणून त्याचा जीव रमतो असा नाय." पन्हाळा, रंकाळा, अंबाबाईचे देऊळ पाहून वाढलेला मी माणूस. आपल्या गावाइतके सुंदर गाव नाही, ही माझी समजूत त्या टेकडीवर जरा डळमळली, हे कबूल करतो.

मग भोंगा झाला. शिपाई म्हणाला, "चला, मुंबईची बोट आली. मांडवीवर गंमत बघा."

मांडवीच्या काळ्या वाळूवर गर्दी होती. आगबोट खरोखरच लांब, खोल पाण्यात उभी होती. पडाव तिच्याकडे चालले होते, भरून परत येत होते, आणि ओहोटी असल्यामुळे तेही काठापर्यंत पोचत नव्हते. कमरेइतक्या पाण्यात उभी असलेली माणसे उतारूंना खांद्यावर घेत आणि वाळूवर आणून सोडत. टोपीवाले साहेब, पागोटेवाले वकील, नऊवारीतल्या बायका, सगळे असेच येत होते. एक म्हातारी तर खांद्यावर बसून देवाचे नाव घेत होती आणि खालचा माणूस हसत हसत तिला धीर देत होता. लाट आली की तो पाठमोरा होऊन ती पाठीवर घेई, म्हातारीच्या लुगड्याचा काठही भिजू देत नसे. ही कला पाहून मी थक्क झालो. गाडीवानाचे अक्षर न अक्षर खरे होते.

तेवढ्यात त्याच रांगेतल्या एका माणसाकडे माझे लक्ष गेले. बाकीचे, म्हणजे तिथले दर्यावर्दी खारवी, सडपातळ होते. याची मान बैलासारखी, आणि कान चेपून गोळा झालेले. समुद्रावर कुणाचे कान असे होत नाहीत. तालमीच्या लाल मातीत, समोरच्याच्या कवेत वर्षानुवर्षे घासून ते तसे होतात. कोल्हापूरच्या पोलिसाला असे कान रोज दिसतात.

मी शिपायाला काठावर थांबवले आणि त्या माणसाला म्हटले, "मला पडावापर्यंत न्या." त्याने मला फुलासारखे उचलले. पाण्यात बरेच आत गेल्यावर मी वरून विचारले, "पैलवान, कोल्हापूरचे ना तुम्ही?"

तो जागच्या जागी थांबला. नोकरीत मी हजार चौकश्या केल्या असतील. पण जबाब देणाराच्या खांद्यावर बसून, चारी बाजूंनी लाटा असताना केलेली ही एकच. त्याने मला तिथेच सोडून दिले असते तर मला पोहता येत नव्हते.

"पावणं, तुमी चुकलासा," तो म्हणाला.

"तुमच्या खुनासाठी तुमचा गाडीवान दोस्त कोठडीत आहे. तुमचा ठावठिकाणा सांगत नाही. फासावर जाईन म्हणतो, पण सांगत नाही."

मग तो वळला आणि मला घेऊन काठाकडे चालू लागला. वाळूवर उतरवून गुडघ्यावर बसला आणि ढसाढसा रडला. एवढा मोठा गडी असा रडताना मी पाहिला नव्हता.

त्याचा जबाब मी वाळूवरच लिहून घेतला. म्हणाला, "साहेब, त्यो पडल्यावर उठला न्हाय, आनि माझ्या डोक्यावर फेटा बांधत हुते. लोकं म्हनत, काय टाकला, काय टाकला! मला अन्न गोड लागंना. वस्ताद म्हनले, फुडच्या मैदानाची तयारी कर. हितं राह्यलो तर परत मातीत उतरवनार. म्हनून आलो. ज्या खांद्यानं मानूस आपटला, त्या खांद्यावर आता मानसं अल्लाद काठाला न्हेतो. तेवढीच रातीला झोप लागती."

कडे त्याने गाडीवानाकडे दिले होते, ते पडलेल्या दोस्ताच्या औषधपाण्यासाठी. पण कुणाला संशय येऊ नये म्हणून गाडीवान ते पोचवायला थोडे दिवस थांबला होता.

पैलवानाने ओले धोतरही बदलले नाही, तसाच माझ्याबरोबर निघाला. कोल्हापुरात पोचल्यावर वरिष्ठांसमोर उभा केला. दरीतल्या प्रेताचाही उलगडा तोवर झाला होता. मलकापूरच्या ठाण्याला खाली झाडीत चिमटा आणि झोळी सापडली, एक बैरागी घाटात कड्यावरून घसरून मेला होता. वरिष्ठांनी आपला शेरा स्वतःच्या हाताने खोडला आणि सुटकेचा हुकूम माझ्या हातात दिला.

मी कोठडीचे दार उघडले. पैलवान दारात उभा. पैलवानाची आई मागे. सगळ्यांना वाटले, आता दोघे गळ्यात पडतील. गाडीवानाने दोस्ताला खालपासून वरपर्यंत न्याहाळले आणि तो जागचा हलला नाही.

"कशाला आलास? मी सांगितलं न्हवतं."

"तू फासावर चाललेलास, गाढवा."

"त्ये माझं मी बघितलं असतं. आता आलाच हाईस तर ऐक. आधी त्येच्याकडं जाऊन ये. त्येच्या खाटंजवळ बस. तवर मी भायेर येत न्हाय."

वरिष्ठ ओरडले. मी समजावले. हवालदाराने दंडाला धरून ओढून पाहिले. गाडीवान भिंतीला टेकून बसला तो बसलाच. सुटकेचा हुकूम असताना कोठडी न सोडणारा आरोपी मी तेवढा एकच पाहिला. शेवटी पैलवान मान खाली घालून निघाला. मी सोबत गेलो.

पडलेला पैलवान पडवीत खाटेवर होता. हा उंबऱ्यात उभा राहिला, त्याचा पाय आत पडेना. खाटेवरचा म्हणाला, "लेका, कुस्तीत एक पडतोच की. तू पडला असतास तर मी बी फेटा बांधून घेतला असता. पाठ मोडली त्येचं मी सोसलं. तू तोंड दावलं न्हाईस, त्ये सोसंना."

मी बाहेर रस्त्यावर येऊन उभा राहिलो. आतून दोन धटिंगणांच्या रडण्याचा आवाज येत होता आणि पोलिसाने तिथे थांबायचे काही कारण नव्हते.

ठाण्यात परत येऊन मी गाडीवानाला एवढेच म्हटले, "बसलाय त्याच्याजवळ." तेव्हा तो उठला, अंगावरची धूळ झटकली आणि बाहेर आला. त्याला मी सलाम केला. हवालदार बघत राहिला, बघू दे म्हटले.

माणसांना बोलते करणे हा माझ्या पोटापाण्याचा धंदा होता आणि त्यात मला नाव होते. पण माझ्या मनात सर्वांत मोठा मान आहे तो माझ्यापुढे न बोललेल्या त्या माणसाचा. त्यानंतर कोठडीत कुणी गप्प बसला, तर 'काय लपवतोस' असे मी विचारले नाही. जवळ बसून म्हणायचो, "कुणासाठी गप्प आहेस, बाबा?" पुष्कळ जण त्या एका प्रश्नावर रडू लागत.