जलीलचाचांनी भरलेले पॅड

नांदेडच्या इतवाऱ्यात जलीलचाचांचा गादी कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक खोली, कापूस पिंजायचं एक मशीन, हातभर लांबीची सुई आणि स्वतः चाचा. वय एकसष्ट. पिंजाऱ्याचा धंदा आजोबांपासूनचा, आणि हॉकीचा नादही तिथूनच आलेला. शहरात स्पर्धा लागली की दुकानाचं शटर दुपारीच खाली यायचं. कुणाच्या लग्नाच्या गाद्या अर्धवट पडलेल्या असोत, चाचा मैदानावर. तिसऱ्या पायरीवर, डाव्या गोलाच्या अंगाला त्यांची जागा ठरलेली होती. तिथं बसले की त्यांची जीभ सुटायची.

ही जीभ गावात प्रसिद्ध होती. पंचानं चुकीची शिट्टी मारली की चाचा त्याच्या चष्म्याची चौकशी करायचे. फॉरवर्डनं बॉल बाहेर मारला की त्याला त्याच काठीनं म्हशी वळायला पाठवायचे. आजूबाजूचे पोट धरून हसायचे. काहीजण तर खेळ बघायला कमी आणि चाचांचं ऐकायला जास्त यायचे. चाचांना ते पक्कं ठाऊक होतं. आपण बोललो की चार माणसं हसतात, हे एकदा कळलं की माणूस बिघडायला वेळ लागत नाही. चाचा चाळीस वर्षं बिघडत होते.

यंदाच्या जानेवारीत गोदाकाठ क्लब सेमीफायनलला पोचला आणि समोर आलं लातूर. नांदेड-लातूर म्हटलं की विभागीय आयुक्तालय कुठं व्हावं इथपासून आमटीच्या तिखटापर्यंत सगळ्यावर भांडण, मग हॉकीवर का नको? गोदाकाठचा गोलकीपर होता अंगद. तेवीस वर्षांचा, कंधारकडचा, अबोल. त्याची आई कावेरीबाई कॉलेजच्या पोरांच्या मेसवर पोळ्या लाटते. बाप लहानपणीच गेला. अंगद एका शाळेत तात्पुरता खेळाचा मास्तर होता, म्हणजे जूनमध्ये घ्यायचं आणि मार्चमध्ये काढायचं. पण या सेमीफायनलला एका सरकारी खात्याचे साहेब येणार होते. त्यांच्या संघाला गोलकीपर हवा होता, आणि संघात घेतलं की नोकरी पक्की. ही गोष्ट मेसवरच्या पोरांपासून पानटपरीपर्यंत सगळ्यांना माहीत होती.

सामन्याच्या तीन दिवस आधी अंगद पायाचे पॅड घेऊन दुकानात आला. काखेत नव्या फोमच्या दोन जाड पट्ट्या होत्या.

"चाचा, आतला फोम पार भुगा झालाय. ह्यो नवा टाकून शिवून द्या."

चाचांनी पट्टी दोन बोटांत धरली, मेलेला उंदीर धरावा तशी. "ही काय भरायची चीज हाय का, बाबा? आमच्या अब्बांनी सगळ्या गोलकीपरांना कापूस भरून दिला. एकाचं बी नडगं फुटलं न्हाई."

"नडग्याचं न्हाई, चाचा. बॉल पॅडाला लागला की लांब उडाया पायजे. कापसात मरतंय बॉल."

"तू गोल अडव. भरायचं मला कळतंय."

अंगद मोठ्या माणसाशी वाद घालणारा पोरगा नव्हता. तो गेला, आणि चाचांनी फोमच्या पट्ट्या मेजाखाली सारल्या. मग घरच्या लग्नासाठी ठेवतात तसला लांब धाग्याचा कापूस काढला, दोनदा पिंजला, ठासून भरला, दुहेरी दोऱ्यानं शिवला. शिवण इतकी देखणी झाली की देण्याआधी दिवसभर चाचांनी पॅड दुकानाच्या दारात मांडून ठेवले. ते अंगदच्या हातात पडले सामन्याला अर्धा तास उरला असताना. त्यानं अंगठ्यानं दाबून पाहिलं, चाचांकडं पाहिलं आणि पट्टे बांधले. दुसरं करायला वेळच नव्हता.

पहिला गोल सातव्या मिनिटाला झाला. लातूरच्या फॉरवर्डनं जोरात मारलं, अंगदनं पाय आडवा घातला, बॉल पॅडाला लागला आणि तिथंच त्याच्या बुटापाशी निवांत पडला. फॉरवर्ड दोन पावलं आला आणि ढकलून मोकळा झाला. दुसरा गोल तसाच. तिसराही तसाच, हुबेहूब.

पहिल्या गोलाला चाचांनी विनोद केला. दुसऱ्याला शिवी दिली. तिसऱ्याला मैदान चिडीचूप झालं होतं. गप्प मैदानात चाचांना कधीच राहवत नसे. ते उभे राहिले आणि म्हणाले, "अरे, ह्यो इकला गेलाय. लातूरवाल्यांनी घेतला ह्याला."

झालं. शेजारी मोबाईलच्या दुकानाचा राजशेखर बसला होता, त्यानं ते मागच्या पायरीला दिलं. मागच्या पायरीनं पलीकडच्या अंगाला. दोन मिनिटांत अर्धं मैदान टाळ्यांच्या ठेक्यावर म्हणत होतं, "इकला गेला, इकला गेला." पाण्याची एक बाटली अंगदच्या जाळीवर येऊन आपटली. बायकांच्या बाजूला मेसवरच्या दोघींसोबत कावेरीबाई बसली होती. तिनं पदर तोंडावर घेतला.

चाचांच्या पुढच्या पायरीवर पांढरी टोपी घातलेले एक अनोळखी गृहस्थ वहीत काहीतरी टिपत होते. ते मागं वळून म्हणाले, "खरंच तसं काही आहे का हो?"

आता इथं तरी आवरायचं. पण समोर परका माणूस, हातात वही, वर तो आपल्याला विचारतोय. चाचांना वाटलं, पेपरवाला असेल. साहेब लोक मंडपातल्या खुर्चीवर बसतात, पायरीवर कशाला येतील. ते छाती काढून म्हणाले, "चाळीस वर्सं हॉकी बघतो मी. एवढा बॉल शेंबडं पोर बी काढतंय. ह्यात काय तरी हाय, लिहून ठेवा."

गृहस्थांनी वही मिटली.

हाफटाईमला चाचा पाणी प्यायला गोलामागच्या नळावर गेले. तिथं अंगद एकटाच बसला होता. त्यानं एक पॅड उभा धरला आणि त्यावर बॉल जोरानं आपटला. बॉल धप्प करून खाली पडला. मग त्यानं सकाळी हरलेल्या उदगीरच्या गोलकीपरचे मागून आणलेले पॅड उचलले, जुने, फाटके, चिकटपट्टी लावलेले. त्यावर बॉल आपटला. तो टणकन उडून पार नळापर्यंत आला आणि चाचांच्या चपलेला लागून थांबला.

अंगदनं वर पाहिलं. चाचांनीही पाहिलं.  चाचांचे ते देखणे पॅड अंगदनं जाळीमागं ठेवले आणि फाटके बांधायला घेतले.  चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या आपणच मारल्या, हे त्यांना नळावर उभ्याउभ्या कळलं. ते धावतच पायऱ्या चढून आले. पुढची जागा रिकामी होती.

"ते टोपीवाले कुठं गेले?" त्यांनी राजशेखरला विचारलं.

"ते व्हय? तेच की खात्याचे साहेब. परभणीच्या गाडीला गेले. म्हनले, बघायचं ते बघून झालं."

पुढचं अख्ख्या नांदेडला पाठ आहे. लातूरनं मारलेला प्रत्येक बॉल अंगदच्या पायाला लागून चाळीस पावलं लांब उडायला लागला, आणि तिथून गोदाकाठची पोरं तो घेऊन पळायला लागली. एक गोल झाला, दुसरा झाला. गेटाबाहेर चहा पीत लातूरला शिव्या घालणारे कप टाकून आत घुसले. पेनल्टी कॉर्नरवर तिसरा. आणि शेवटच्या मिनिटाला अंगदनं एक बॉल असा झोकून देऊन अडवला की तोच उडून त्यातून चौथा निघाला. तीन-शून्यवरून चार-तीन.

मग जे झालं ते बघून चाचांना शिसारी आली. ज्या तोंडांनी तासाभरापूर्वी "इकला गेला" म्हटलं होतं, तीच तोंडं अंगदचे मुके घ्यायला लागली. बाटली मारणारा पोरगा त्याच्या गळ्यात पडून सेल्फी काढत होता. राजशेखरनं तर त्याला खांद्यावरच घेतलं आणि गर्दीतून नाचवत म्हणाला, "मला पयल्यापासून म्हाईत हुतं, वाघ हाय ह्यो." गुलाल उधळला, डीजे आला, लातूरच्या पोरांना बसमध्ये चढताना दुष्काळात लातूरला आलेल्या पाण्याच्या रेल्वेवरून डिवचून झालं. अंगद खांद्यावर लाकडासारखा ताठ बसला होता. कुणालाही त्याच्या चेहऱ्याकडं बघायची गरज वाटली नाही.

कुणीतरी चाचांच्या तोंडात पेढा कोंबला. तो त्यांना गिळवेना. कोपऱ्यात जाऊन त्यांनी तो थुंकला. लोकांची किळस तर आलीच होती, पण थुंकताना त्यांना हेही कळलं की ह्या सगळ्या घाणीचा पहिला लोटा आपणच ओतला.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर ते राजशेखरला आणि जमलेल्या सगळ्यांना म्हणाले, "ऐका. पॅड मी बिघडवले. त्यानं फोम सांगितला हुता, मी कापूस भरला. अन् वर मीच त्याला इकला म्हनलो. ती साहेबाची नोकरी गेली त्याची."

 राजशेखर मांडीवर थाप मारून हसला. "चाचा, म्हंजे तुमच्या कापसानंच मॅच रंगली म्हना की. तीन गोल बसले न्हाईत तर कमबॅक कशाचा करणार?"

"अरे, त्या पोराला आपण काय बोललो..."

"गंमत हुती वो. मैदानावरचं मैदानावर. जिंकलो ना? मग?"

चाचांनी पुन्हा सांगून पाहिलं. जितकं सांगावं तितकं हसू वाढत गेलं. रात्रीपर्यंत गावात चुटका झाला होता की जलीलचाचांची गादी घ्या, आधी झोपवते, मग उठवते. सकाळी दोन गिऱ्हाइकं तेवढंच म्हणायला आली. चाळीस वर्षं चाचांच्या थट्टेवर हसलेले लोक आता त्यांच्या कबुलीवरही तसेच हसत होते. लोकांना असं त्यांनीच तर शिकवलं होतं.

शनिवारी दुपारी कावेरीबाई दुकानात आली. हाताला अजून कणीक लागलेली होती. तिनं चाचांचे पॅड मेजावर ठेवले.

"पोरगं म्हनलं, ह्यात फोम भरून आना. उदगीरवाल्यानं त्याचे नेले. उद्या फायनल हाय."

चाचांनी पॅड जवळ ओढले. बाई मात्र जाईना.

"एक इचारायचं हुतं, चाचा. साहेबाला पोरानं फोन केला हुता. साहेब म्हनले, खेळ ठीक हाय, पन तुझ्याच गावची मान्सं तुझं नाव चांगलं घेत न्हाईत. कुनी एक वयस्कर मानूस, चाळीस वर्सं बघणारा, त्यानं सांगितलं म्हने." तिनं पदरानं हात पुसले. "तुमी तिथंच बसता. कोन हुता त्यो?"

"अंगद काय म्हनला?"

"त्यो काय सांगंना. म्हनतोय, मला ऐकू आलं न्हाई."

त्या पोराला सगळं ऐकू आलं होतं. चाचांचा आवाज तर तो लहानपणापासून ओळखत होता. चाचांनी सुई खाली ठेवली.

"मीच," ते म्हणाले. "मीच म्हनलो. अन् बॉल अडत नव्हता ते बी ह्या माझ्या कापसापायी. पोराची काई चूक न्हाई."

कावेरीबाईनं त्यांच्याकडं बघितलं.  कमरेची पिशवी सोडून तिनं साधा मोबाईल काढला आणि एक चिठ्ठी. "हा लंबर. लावा. जे मला सांगितलं ते त्यास्नी सांगा."

चाचांनी लावला. सगळं सांगितलं, पायरीवरचं, पॅडचं, नळावरचं. पलीकडून साहेब शांतपणे ऐकत होते.

"अहो चाचा, यादी काल सकाळीच गेली. आता काही होणार नाही," साहेब म्हणाले. "पण शेवट फार जोरदार झाला म्हणे. मी थांबायला हवं होतं. तुमच्या संघाचं अभिनंदन बरं का."

चाचांनी फोन कानावरून काढला. कावेरीबाईला सांगायची गरज पडली नाही, फोनमधला आवाज मोठा होता. तिनं तो घेऊन पिशवीत ठेवला, पिशवी कमरेला खोवली आणि दारातल्या गादीच्या गठ्ठ्यावर बसली.

"फोम कुटं हाय?"

चाचांनी मेजाखालून दोन्ही पट्ट्या काढल्या. त्यांच्यावर कापसाची धूळ बसली होती.

"भरा," ती म्हणाली. "मी बसते हितं. माझ्या डोळ्यासमोर भरा."

चाचांनी आपली देखणी शिवण उसवली, सगळा कापूस बाहेर ओढला आणि पट्ट्या आत बसवल्या. मग सुई ओवायला घेतली. दोरा नेढ्यात जाईना. एरवी दुकानात बसलेली कुठलीही बाई अशा वेळी पुढं होऊन म्हणते, आणा इकडं, मी ओवून देते. कावेरीबाई बसून बघत राहिली.