सप्तमीला अकरा वाजता

आई बोचक्याची गाठ मारता मारता रडत होती आणि बाबा खाली होडीतून ओरडत होते, "आटप गो लवकर! पानी तुझा रडना संपायची वाट बघायचा नाय!" मी बसलो आणि होडी सुटलीच. माझ्या डोक्यावर हात ठेवायचंही आईचं धड झालं नाही. पोरगा रत्नागिरीला कॉलेजात चाललाय, दोन मिनिटं थांबले असते तर काय आभाळ कोसळणार होतं? जयगडची खाडी ओलांडेपर्यंत मी बाबांकडे पाठ करून बसलो.

मुंबईला गेलेल्या माझ्या गाववाल्यांनो, तुम्ही विसरला असाल म्हणून सांगतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, नवमीला पावणेसात. पुढे सहा तासांनी नुसता चिखल. आमचे बाबा चांदही बघतात आणि भटजींना तिथीही विचारतात. उभ्या जन्मात त्यांच्या मनगटाला घड्याळ लागलं नाही, पण त्यांची होडी कधी चुकली असेल तर शपथ.

इथे बोर्डिंगात सगळं घंटेवर. उठायचं घंटेवर, जेवायचं घंटेवर. वर्गात तास संपता संपत नाही आणि सुट्टीचे दोन दिवस बघता बघता उडून जातात, तरी सुपरिंटेंडंटसाहेब म्हणतात वेळ सगळ्यांना सारखीच. सारखी? कुठे सारखी असते हो?

पहिल्या वर्षी ईद करून परत येताना सकाळी खाडी कोरडी पडलेली. पाणी चढल्यावर निघालो, मोटार चुकली, हजेरीला दोन तास उशीर झाला. साहेबांनी सगळ्या पोरांसमोर उभं केलं. "तुम्हा खाडीवरच्या लोकांना वेळेची किंमत कधी कळणार?" पोरं फिदीफिदी हसली. आणि मी काय म्हणालो? "वडील अडाणी आहेत, सर." जीभ झडली नाही माझी! ज्या माणसाने होडी वल्हवून मला शिकायला पाठवलं, त्याला मी चार पोरांच्या हसण्याला घाबरून अडाणी म्हणालो.

त्यानंतर मी असा काही शहाणा झालो की विचारू नका. गेल्या सुट्टीत मामांकडे होतो, तिथून परस्पर बोर्डिंगात परतायचं म्हणून घरी कार्ड टाकलं: 'रविवारी बरोबर अकराला होडी तयार ठेवावी. उशीर चालणार नाही.' तिथी बघायची बुद्धी झाली नाही. कार्ड धाकट्या बहिणीने, हमीदाने, वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बाबा, सप्तमी हाय, अकराला चिखल असंल." बाबा म्हणाले, "शिकलेला मानूस हाय तो. काय तरी विचार करून लिवला असंल."

अकराला मी खाडीवर पोचलो तर बाबा मांडीएवढ्या चिखलात उभे. होडी तिथवर ओढून आणलेली. मला म्हणाले, "बस. विजार खराब होईल." आणि मी बसलो! माझं वजन घेऊन पन्नाशीचा माणूस मधल्या पाण्यापर्यंत होडी रेटत होता, धापा टाकत होता. कालवाच्या शिंपल्याने तळपाय चिरला, चिखलावर रक्त दिसलं. मी म्हटलं, "बाबा, पाण्याची वाट बघितली असती की." ते म्हणाले, "तू अकरा लिवलंस ना."

पाचच्या हजेरीला मी वेळेवर हजर होतो. साहेब नव्हते. कुणाकडे तरी मेजवानीला गेले होते म्हणे. सव्वासहाला ढेकर देत आले आणि माझी पाठ थोपटली, "शाब्बास, सुधारलास!" सव्वा तास तीसजण ओळीत उभे होतो, पण त्याला कुणी उशीर म्हणालं नाही. साहेबांना वेळ होतो, आम्ही मात्र उशीर करतो! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तरी तोंडातून निघालं, "होय सर."

बाबांचा पाय पिकला आणि महिनाभर होडी चुलत्याने चालवली, हे मला हमीदाच्या पत्रातून कळलं. बाबांनी कळवू नको म्हणून सांगितलं होतं, अभ्यासाचा वेळ जाईल म्हणून.

काल मी साहेबांच्या खोलीत गेलो आणि म्हणालो, "माझे वडील अडाणी नाहीत, सर. मी खोटं बोललो होतो." त्यांना काही आठवेना. "बरं बरं," म्हणाले आणि पेपर वाचू लागले. म्हणजे ज्याच्यासमोर मी बापाची लाज काढली, त्याच्या ते लक्षातही नाही. आता सांगायचं राहिलं ते बाबांनाच.

हमीदा, गाववाल्यांना लिहिलेल्या या पत्राची एक प्रत तुलाही पाठवतोय, ती सगळी बाबांना वाचून दाखव. तुझी खोड मला ठाऊक आहे, वाईट असेल ते तू गाळून वाचतेस. 'अडाणी' हा शब्द गाळू नकोस, मोठ्याने वाच. मग बाबा काय म्हणतात ते कळव. 'ये' म्हणाले तर ते माझं घर. नाही म्हणाले, तर इथली ही खाट आहेच.