कोपऱ्यातला प्लॉट

आमच्या ओळखीचा एक प्लॉटवाला आहे. सिन्नरकडच्या उजाड माळाला तो बेधडक 'निसर्गरम्य' म्हणतो, आणि गिऱ्हाइकाने पाण्याचं विचारलं की घसा खाकरून हवेचं कौतुक करू लागतो. परवा मात्र एकाने कोपऱ्यातला प्लॉट पसंत केला, तर हाच म्हणाला, "तो गेला, साहेब."

गिऱ्हाईक निघून गेल्यावर मी विचारलं, "कोणी घेतला?"

त्याने बोट दाखवलं. मातीच्याच रंगाची पखुर्डीची मादी उघड्या जमिनीवर अंडी उबवत बसली होती. घरट्याच्या नावाने काडीसुद्धा नव्हती.

"पिलं निघाली की नर लांबून पोटाची पिसं भिजवून आणतो, पिलं त्यातलं पाणी पितात," तो म्हणाला. "लय भारी पार्टी हाय, भाऊ. पाण्याचं विचारतच नाय."